पाणी कुठलं पिता?

जून संपत आलेला, पाऊस नुसता तोंड दाखवून गेलेला, दुपारचे सव्वातीन. लिफ्ट बंद होती. मी नुकतीच आडवी झाले होते आणि बेल वाजली. दारात एक बाई, तिशीतली असेल, गळ्यात ओळखपत्र, काखेत लांबुडकं रजिस्टर, ओढणीने मानेवरचा घाम पुसत उभी. चार जिने चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. "काकू, महापालिकेकडून आलेय. आठवड्याभरात घरात कुणाला जुलाब-उलट्या? पाणी कुठलं पिता?" मी म्हटलं, "आमच्याकडे फिल्टर आहे," आणि दार लावून घेतलं. उद्धटपणे नाही. आपण शिकलीसवरली माणसं दार लावतो तसं, हळूच, हसून, कडी न वाजवता. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही, मग समोरच्या फ्लॅटची बेल. तिथेही बहुधा फिल्टर असावा. संध्याकाळी भाजीला निघाले तेव्हा नावाच्या पाटीखाली खडूने लिहिलेली तारीख दिसली आणि तिच्यापुढे एक छोटी फुली.

पुसायला हात वर केला होता. तसाच खाली आला.

दुसरं कुणी असतं तर विसरलंही असतं. पण मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि दर वर्षी रोगप्रसाराचा धडा आला की पुस्तकात नसलेली एक गोष्ट हटकून सांगायचे. लंडनमध्ये जॉन स्नो नावाचा एक डॉक्टर होता. पटकीची साथ आली, माणसं पटापट मरायला लागली, सगळे म्हणाले हवा खराब आहे. स्नोने नकाशावर मेलेल्यांची घरं मांडली, मध्ये एक हापसा निघाला, त्याने हापशाचा दांडा काढायला लावला, साथ थांबली. खलास. पोरांना गोष्ट आवडायची, कारण तिच्यात एक हुशार माणूस होता आणि एक दांडा होता. चार मिनिटांत संपायची आणि मग मी फळ्यावर आकृती काढायला वळायचे. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला तेव्हा त्या माणसाबद्दल नीट वाचायला घेतलं आणि कळलं, की नकाशा सर्वांत शेवटी आला होता. त्याच्या आधी होती ती दारं. शेकडो दारं. आणि प्रत्येक दारात विचारलेला तोच प्रश्न, जो त्या दुपारी मला विचारला गेला.

स्नो जन्मला १८१३ साली, यॉर्कमध्ये, नदीकाठच्या गरीब वस्तीत. बाप कोळशाच्या वखारीत मजूर. नऊ भावंडांत हा थोरला. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलच्या एका सर्जनकडे शिकाऊ म्हणून ठेवला. अठरा वर्षांचा असताना पटकी पहिल्यांदा इंग्लंडात उतरली, १८३१ मध्ये, आणि या पोराला एकट्याला किलिंगवर्थच्या कोळसाखाणीवर पाठवलं गेलं. औषध म्हणून त्याच्या हातात काय होतं, तर रक्त काढणं, अफू आणि पाऱ्याचं कॅलोमेल. म्हणजे ज्या माणसाच्या अंगातलं पाणी आधीच वाहून चाललंय त्याचंच आणखी रक्त काढायचं. त्याने तिथे काय पाहिलं असेल याचा विचार करते तेव्हा मला खाणीतला अंधार दिसत नाही, हात दिसतात. खाणीत संडास नाही, हात धुवायला पाणी नाही, अख्खी पाळी खाली, आणि शिदोरी त्याच हातांनी खायची. पुढे सतरा-अठरा वर्षांनी, पटकी हवेतून येत नाही, तोंडावाटे पोटात जाते, असं त्याने लिहिलं तेव्हा त्या खाणकामगारांचा दाखला त्यात होता.

माझ्या आजीच्या तोंडी 'कॉलरा' हा शब्द कधीच नव्हता. ती पटकीच म्हणायची, आणि म्हणताना आवाज खाली घ्यायची, जणू नाव ऐकून ती वळून बघेल. तिचं माहेर पंढरपूरच्या वाटेवरचं. आषाढीच्या आधी गावावरून दिंड्या जायच्या आणि मागे काय राहील याची धास्ती असायची. साथ आलीच तर मरीआईचा गाडा निघे. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हिरव्या बांगड्या, खण, नारळ, लिंबं, हळदीकुंकू, आणि हलगी वाजवत तो गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर न्यायचा. शिक्षिका झाल्यावर मी या गोष्टीला हसायचे. आता तितकं हसू येत नाही. लंडनचे शहाणे डॉक्टर आणि आरोग्यमंडळाचे मोठे अधिकारी तेव्हा छातीठोकपणे सांगत होते, की रोग हवेत तरंगतो, जिथे घाण वास तिथे रोग. एडविन चॅडविक या बड्या सुधारकाने तर तीव्र वास म्हणजेच रोग असं मांडलं होतं. आणि आमच्या गावच्या अडाणी बायांना एवढं ठाऊक होतं, की पटकी वाटेने येते, माणसांबरोबर येते, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. गाड्यात बसवून पुढच्या गावाच्या गळ्यात घालायची, हा भाग वाईट होता खरा. पण ती प्रवास करते, हे त्यांनी ओळखलं होतं.

आजी आणखी एक सांगायची. सरकारी माणूस येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेला, की पाणी गुलाबी व्हायचं आणि तिची आई ते पाणी घरात येऊ द्यायची नाही. "रंगाचं पाणी का प्यायचं असतं?" म्हणून पहाटेच्या अंधारात ओढ्यावर जायची, कारण ओढ्याच्या पाण्याला चव होती.

चव! स्नोच्या गोष्टीतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाचं तेच होतं. सोहो या गजबजलेल्या भागातल्या त्या पाण्याला आजूबाजूच्यांपेक्षा बरी चव होती, थंडगार, स्वच्छ दिसणारं. सुझाना एली नावाची एक विधवा बाई तिथून हॅम्पस्टेडला राहायला गेली होती, चांगल्या हवेच्या टेकडीवर. पण तिला ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी लागायचं. तिथेच तिच्या मुलांचा बंदुकीच्या टोप्यांचा कारखाना होता, तर मुलं आईसाठी रोज गाडीतून एक बाटली भरून पाठवायची. ३१ ऑगस्ट १८५४ च्या गुरुवारी बाटली गेली. शनिवारी बाई वारली. तिची इस्लिंग्टनहून भेटायला आलेली भाची तेच पाणी पिऊन आपल्या घरी परतली आणि तीही गेली. हॅम्पस्टेडच्या त्या भागात पटकी नव्हती, इस्लिंग्टनच्याही नव्हती. स्नोच्या सगळ्या पुराव्यात मला हा पुरावा सगळ्यांत बिनतोड वाटतो आणि वाचवतही नाही. मुलांनी आईवरच्या मायेने पाठवलेली बाटली. त्या मुलांनी हे स्नोला सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत. सांगताना त्यांना कळलं असेल ना, आपण काय सांगतोय ते?

त्या हापशाचं पाणी आजूबाजूच्या दुकानांत चमचाभर फसफसणारी पूड घालून विकलंही जायचं, आणि त्या पेयाला नाव होतं सरबत. आपलंच सरबत, पार लंडनच्या गल्लीत. एका कॉफीच्या दुकानवालीने स्नोला सांगितलं, की तिची नऊ गिऱ्हाइकं मेल्याचं तिला आत्ताच माहीत आहे. दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली होती, शेवटचा आकडा ६१६ वर थांबला. ज्यांना शक्य होतं ते घरांना कुलपं लावून पळाले. आणि या रस्त्यावर एकेचाळीस वर्षांचा, लग्न न केलेला, घोगऱ्या आवाजाचा, मितभाषी माणूस वही घेऊन फिरत होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं. त्याच्याकडे आरोग्यखात्याचं पद नव्हतं, ओळखपत्र नव्हतं. मृत्यूंची यादी त्याने नोंदणी कार्यालयातून मागून घेतली होती. यादीत ८९ मृत्यू, त्यातले ८३ शेवटच्या तीन दिवसांतले. त्या घरी जायचं आणि विचारायचं, तुमचं गेलेलं माणूस पाणी कुठलं प्यायचं? सुतक लागलेल्या घरात जाऊन हे विचारायला काय लागत असेल? आपण तर अशा घरी गेल्यावर नुसतं बसून राहतो. फारतर "कसं झालं?" एवढं विचारतो, तेही चौथ्या-पाचव्या माणसाने विचारल्यावर.

हापशाजवळ राहणाऱ्यांपैकी एकसष्ट जणांच्या घरच्यांनी सांगितलं, हो, ब्रॉड स्ट्रीटचं प्यायचे, रोज किंवा अधूनमधून. सहा जणांचे घरचे म्हणाले, नाही. आणि सहा जणांबद्दल स्नोने जे लिहून ठेवलंय तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या सहांची माहिती मिळाली नाही, कारण त्यांच्याशी संबंध असलेलं प्रत्येक माणूस एकतर मेलं होतं किंवा निघून गेलं होतं. म्हणजे त्याने बेल वाजवली आणि दार उघडलंच नाही. आतून कुणी बोललंच नाही. माझ्या दारावरची फुली आठवली ती इथे. त्या फुलीचा अर्थ एवढाच, की या घरातून माहिती मिळाली नाही. कारण कुठल्याही रजिस्टरात लिहीत नाहीत.

जिथे माणसं मरायला हवी होती आणि मेली नाहीत, तिथेही तो गेला, आणि त्याचं डोकं कसं चालायचं ते मला इथे दिसतं. जवळच्या वर्कहाउसमध्ये ५३५ निराधार माणसं कोंबलेली होती, चारी बाजूंना घरोघरी प्रेतं, आणि आत मेली फक्त पाच. त्यांची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बियरच्या कारखान्यात सत्तरेक कामगार, त्यातला एकही गेला नाही. मालक म्हणाला, त्यांना कामावर बियर फुकट मिळते, ते पाण्याला शिवतही नसावेत. स्वतः स्नोने तरुणपणीच दारू सोडण्याची शपथ घेतली होती, मांसाहारही सोडला होता, आणि पाणी तो शुद्ध करून प्यायचा. हा पुरावा वहीत उतरवताना त्याच्या तोंडाची चव कशी झाली असेल, असं उगाच मनात येतं.

त्याच वर्षी तो थेम्सच्या दक्षिणेकडे याहून मोठं काम करत होता, आणि शाळेत मी त्याचा उल्लेखही करत नव्हते, कारण त्यात दांडा नाही. तिथे एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपलं पाणी घेण्याचं ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला नेलं होतं, शहराची घाण मिसळायच्या आधी. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातलंच, गटारं मिसळलेलं पाणी ओढत होती. तीन लाख माणसं, गरीब-श्रीमंत, लहान-थोर, नकळत दोन गटांत वाटली गेली होती. स्नोच्या मनात आलं, की आता फक्त विचारायचं, तुमच्याकडे कुठल्या कंपनीचं पाणी येतं? आणि दारोदार त्याला उत्तर मिळालं, माहीत नाही. पाणीपट्टी घरमालक भरतो. पावती असेल कुठेतरी. मग त्याने घरोघरचं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहिलं. घाण पाण्यात मिठाचं प्रमाण चाळीसेक पट, त्यामुळे ते लगेच दुधाळ व्हायचं. पहिल्या सात आठवड्यांचा हिशोब निघाला तो असा, की दर दहा हजार घरांमागे सदर्कच्या पाण्यावर ३१५ मृत्यू आणि लॅम्बेथच्या पाण्यावर ३७. एवढं सांगूनही अधिकाऱ्यांना पटलं नाही. आपल्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीवर त्याने पदरचे दोनशे पौंडांहून जास्त घातले. प्रती खपल्या छप्पन्न.

तो मूळचा भूल देणारा डॉक्टर. हेही मी शिकवताना गाळायचे, आणि हेच गाळायला नको होतं. ईथर आणि क्लोरोफॉर्मच्या वाफांवर त्याची हयात गेली होती, बेडूक-उंदीर झाले की स्वतःवर प्रयोग. वायू हवेत कसा पसरतो, किती लवकर विरळ होतो, हे त्याच्याइतकं नीट माहीत असलेली माणसं लंडनमध्ये फार नसतील. म्हणून घाण वास चार गल्ल्या ओलांडून जातो आणि मधली माणसं सोडून पलीकडच्यांना मारतो, हे त्याला पटेना. शिवाय दुखणं पोटात सुरू होतं, फुप्फुसात नाही. मग शिरणार कुठून? १८५३ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला, १८५७ मध्ये नवव्या. मजुराचा पोर राणीच्या उशाशी, हातात औषध शिंपडलेला रुमाल. पुढे एक बडबडी पेशंट ऐकेचना. म्हणे राणीसाहेब क्लोरोफॉर्म घेताना काय बोलल्या ते सांगा, नाहीतर मी पुढे हुंगणार नाही. तो म्हणाला, राणीसाहेबांनी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ हुंगेपर्यंत एकही प्रश्न विचारला नव्हता. तुम्ही तेवढं करा, मग सगळं सांगतो. बाई शुद्धीवर आली तोवर हा घरी गेलेला. मला हा माणूस आवडायला लागला तो त्या किश्श्यापासून.

आणि तरी एका गोष्टीत मला तो पेलत नाही. १८५५ मध्ये हाडं उकळणाऱ्या, चरबी वितळवणाऱ्या कारखान्यांवर बंधनं घालायचा कायदा येत होता. स्नो संसदीय समितीपुढे कारखानदारांच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला. वासाने रोग होत नाही, तिथले कामगार इतरांपेक्षा जास्त आजारी पडत नाहीत, म्हणाला. 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकाने त्याला फाडून खाल्लं. पटकीपुरतं त्याचं बरोबर होतं. पण एमआयडीसीच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या कुणाही माणसाला विचारा, वासाने काही होत नाही हे त्याला पटेल का. एक किल्ली सापडली, की सगळी कुलपं तिनेच उघडतील असं वाटायला लागतं. शहाण्या माणसांनाही.

दांडा निघाला ८ सप्टेंबरला. आदल्या संध्याकाळी स्नो स्थानिक मंडळाच्या बैठकीत जाऊन बोलला होता. पण तोवर साथ उतरणीला लागली होती, वस्ती निम्मीशिम्मी रिकामी झाली होती, आणि हे स्नोने स्वतः लिहून ठेवलं. म्हणजे माझ्या गोष्टीतला 'दांडा काढला, साथ थांबली' हा सगळ्यात टाळ्या घेणारा भाग खोटा नव्हता, पण खराही नव्हता. खरं काय ते शोधलं हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिशीही न गाठलेल्या पाद्र्याने. तो त्याच वस्तीतला, घरोघर ओळखीचा, मरणाऱ्यांच्या उशाशी बसलेला. स्नोचं म्हणणं त्याला साफ चूक वाटलं आणि ते खोडून काढायला तो कामाला लागला. एकेका घरी चार चार, पाच पाच वेळा गेला. गेल्या वेळी बोलली नाही ती बाई यावेळी बोलते, नळाचं म्हणणारा मुलगा आठवून सांगतो, की नाही, त्या रात्री आईने हापशाचं आणायला लावलं होतं. जसजशी वही भरत गेली तसतसा त्याचाच विरोध मावळत गेला. आणि शेवटी तो ४० नंबरच्या घरापाशी येऊन थांबला, हापशाला लागूनच असलेल्या.

तिथे सारा लुईस राहायची. नवरा पोलीस. पाच महिन्यांच्या मुलीला २८ ऑगस्टला जुलाब सुरू झाले होते, २ सप्टेंबरला ती गेली. त्या चार-पाच दिवसांत आईने काय करावं? जे जगातली प्रत्येक आई करते तेच तिने केलं. दुपटी बादलीत भिजवली, खळबळली, आणि पाणी घरापुढच्या मैलखड्ड्यात ओतलं. खड्ड्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या, आणि विहीर तिथून तीन फुटांच्याही आत. मी स्वतः दोन मुलांची दुपटी धुतलीत. तो वास, ते बोटांना लागणारं कोमट पाणी, पिळताना एक कान पाळण्याकडे. लहान मूल आजारी असताना दुपटी धुणं हे कामही वाटत नाही, निदान हातांना काहीतरी करायला मिळतं. ६१६ माणसांच्या मरणाचा माग काढत काढत दोन शहाणे पुरुष येऊन पोचले ते या बादलीपाशी. व्हाइटहेडने तिला हे सांगितलं का, कोणत्या शब्दांत सांगितलं, तिने काय केलं, हा विचार मी कितीदा तरी करत बसले आहे. तिचा नवरा आजारी पडला तो नेमका ८ सप्टेंबरला, दांडा निघाला त्याच दिवशी, आणि अकरा दिवसांनी गेला. त्याचीही बादली त्याच खड्ड्यात गेली असणार. दांडा जागेवर असता तर साथ पुन्हा उसळली असती. तेव्हा दांड्याने काही केलंच नाही असंही नाही. फक्त मी सांगत होते ते नाही.

आमच्या इमारतीतही तोपर्यंत शोध लागला होता. केबलसाठी रस्ता खणला होता, त्यात ड्रेनेजच्या लाइनला तडा गेला आणि पाण्याच्या लाइनला कुठेतरी पाझर लागला. सकाळची पहिली दहा मिनिटं पाणी पिवळसर यायचं. पण हे कळेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर वेगळंच चाललं होतं. तिसऱ्या मजल्यावर दोघं आजारी, पहिल्यावर एक. कुणीतरी लिहिलं, कामवाल्या बाया बाहेरून घेऊन येतात, आठवडाभर त्यांना गेटवरच थांबवा. त्यावर सात अंगठे. मी अंगठा दिला नाही. विरोधही लिहिला नाही. आमच्या सुनीताचा चार दिवसांपूर्वीच फोन आला होता, "ताई, पोट बिघडलंय, येत नाही," आणि मी "आराम कर" म्हणून भांडी घासायला घेतली होती. मरीआईचा गाडा कुणाच्या ना कुणाच्या शिवेवर सोडायचाच असतो.

दार लावण्याबद्दल मी स्वतःची बाजूही मांडून पाहिली. परका माणूस, हातात रजिस्टर, आजाराची चौकशी, म्हटलं की आपल्याकडे पोटात गोळा येतो आणि त्याला इतिहास आहे. १८९७ चं पुणं आपल्याला कुणी सांगायला नको. प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले, भांडीकुंडी रस्त्यावर आली, आणि जूनमध्ये गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या त्या रात्री हीरकमहोत्सव चालू होता त्याच व्हिक्टोरिया राणीचा, जिच्या उशाशी स्नो रुमाल घेऊन बसला होता. दार ठोठावून विचारणं आणि दार फोडून बघणं, दोन्ही त्याच राज्यातली, चार दशकांहून जरा जास्त अंतरावरची. पण हा युक्तिवाद मी पूर्ण करू शकले नाही. माझ्या दारातली बाई सोजीर नव्हती. तिला धाप लागली होती आणि तिने विचारलं होतं.

स्नो गेला १६ जून १८५८ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी. क्लोरोफॉर्मवरचं पुस्तक लिहीत असताना आठवड्याभरापूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता. 'लॅन्सेट'ने दोन-तीन ओळींत निरोप दिला, त्यात पटकीचा उल्लेखसुद्धा नाही. त्याच उन्हाळ्यात थेम्स इतकी कुजली, की संसदेच्या पडद्यांना क्लोरीनच्या चुन्यात भिजवावं लागलं, आणि त्या वासाला घाबरून खासदारांनी शेवटी लंडनच्या प्रचंड गटारयोजनेला पैसे दिले. वासाने रोग होतो, ही चुकीची समजूत मनात धरून त्यांनी नेमकं तेच बांधलं, जे स्नोला हवं होतं. तो पाहायला नव्हता. व्हाइटहेडने मात्र त्याची तसबीर आपल्या अभ्यासिकेत शेवटपर्यंत लावून ठेवली.

लंडनला असलेली माझी भाची मागे त्या रस्त्यावर गेली होती. मीच पाठवली होती. तिथे आता हापशाची प्रतिकृती उभी आहे आणि शेजारी स्नोच्या नावाचा पब, म्हणजे दारू सोडण्याची शपथ घेतलेल्याला लंडनने दिलेली मानवंदना. तिने व्हिडिओ कॉल लावला. "मावशी, हे बघ. पण याला दांडाच नाहीये गं, मोडलाय वाटतं." मागे कुणीतरी ग्लास घेऊन हसत होतं. मी तिला सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की मी पुन्हा तीच चार मिनिटांची गोष्ट सांगतेय.

नऊ दिवसांनी बेल वाजली. तीच. लिफ्ट अजून बंदच. मी दार पूर्ण उघडलं, आत बोलावलं, पंखा लावला. ती दारालगतच्या खुर्चीच्या टोकावर बसली, लवकर उठायचं असल्यासारखी. मी सगळं सांगितलं. आजारी कुणी नाही, पण दात नळाच्या पाण्याने घासतो, कोथिंबीर नळाखालीच धुतो, फिल्टरची मेणबत्ती कधी बदलली ते आठवत नाही. ती लिहीत गेली. मग मान वर न करता म्हणाली, "घरी कामाला कोण येतं? त्यांच्याकडे पाणी कुठलं?" सुनीता माझ्याकडे अकरा वर्षं येते. तिच्या मुलाची दहावीची टक्केवारी मला पाठ आहे. तिच्याकडे नळ आहे की टँकर येतो की कुठून भरून आणते, मला ठाऊक नव्हतं. "माहीत नाही," म्हटलं. तिने त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

मी उठून ट्रेमध्ये पाणी आणलं. मागच्या वेळी तेवढंही विचारलं नव्हतं. तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जरा संकोचून हसली. "काकू, उकळलंय का?"

"फिल्टरचं आहे," मी म्हणाले आणि गप्प झाले. ट्रे उचलून आत गेले, मोठं पातेलं गॅसवर चढवलं. बाहेर पंखा घरघरत होता, ती कागद उलटत होती. तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले होते. मी ओट्यावरचा मोबाइल उचलला आणि सुनीताचा नंबर लावला. रिंग जात होती.